आधी अर्थ बघा

परवा इचलकरंजीहून नणंदेचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, पाऊसपाणी झालं, दोघींचे गुडघे झाले, आणि मग जरा थांबून तिने विचारलं, "वहिनी, एक विचारू का? दादाने बसवलेलं इंजिन तुम्ही भंगारात घातलं म्हणे?"

मी म्हटलं, "भंगारात नाही गं घातलं." पण पुढचं फोनवर नीट सांगता येईना. तिलाही गहिवरून आलं, मलाही. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. आमच्या नात्यातली बरीच मंडळी इथे वाचतात, त्यांनाही एकदा खरं काय ते कळू दे. बाकीच्यांनी एका गाडीची गोष्ट म्हणून वाचावं. यंत्रातलं मला शिकून काही कळत नाही. मी बी.ए. मराठी, तेही मराठी माध्यमातून. पण चव्वेचाळीस वर्षं एसटीच्या मेकॅनिकबरोबर संसार केला आहे. ग्रीसचे डाग कशाने जातात आणि टॅपेटचा आवाज कसा येतो, एवढं मला कळतं.

आधी गाडीबद्दल सांगते. इंग्लंडात 'किट कार' नावाचा एक प्रकार आहे. गाडी तयार मिळत नाही, तिचे भाग खोक्यांतून येतात आणि ती आपण घरी जोडायची. आपल्याकडे हौशी माणूस गणपतीचं मखर घरी करतो, तसे तिथले हौशी लोक गाडी करतात. यातली सगळ्यांत प्रसिद्ध गाडी म्हणजे लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनिअरने ती १९५७ साली आणली. तेव्हा तिथे तयार गाडीवर खरेदी कर लागत असे, सुट्या भागांवर लागत नसे, म्हणून पुष्कळ लोक सुटे भाग घेत. सोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर सवलत जायची. त्यावर तोडगा म्हणून गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना देत आणि लोक त्या शेवटापासून सुरुवातीकडे वाचत, असं सांगतात. हे ऐकून मला मागची उत्तरं बघून गणित सोडवणारी आमच्या वर्गातली मुलं आठवली. १९७३ मध्ये तिथे व्हॅट आला आणि करातली ही सोय संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले.

माझा मुलगा कॉव्हेंट्रीला असतो. त्याची गाडी सेव्हनच्याच धाटणीची, पण दुसऱ्या एका छोट्या कारखान्याची. चौकोनी लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, लांबलचक नाक, दारं नाहीत, छप्पर नावापुरतं. आत बसलं की बूड रस्त्याला टेकतंय की काय असं वाटतं. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शिअल या गोष्टी कारखाना देत नाही. त्या एखाद्या जुन्या गाडीतून काढून बसवायच्या. त्या जुन्या गाडीला तिथे 'डोनर' म्हणतात, आपल्या रक्तदात्यासारखं. मुलाने एक जुनी फोर्ड सिएरा घेतली होती.

२०१० च्या मे महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदा तिकडे गेलो. आमचे हे कोल्हापूरला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. निवृत्त होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि घरात बसून माणूस अगदी कावून गेला होता. कॉव्हेंट्रीला पोचलो त्याच दिवशी मुलाने गॅरेजचं शटर वर केलं. आत खोकी, सांगाडा आणि फळीवर ठेवलेलं सिएराचं इंजिन. ह्यांचा चेहरा असा झाला की मी त्यांना चहा विचारायची विसरले.

पाच महिने बापलेक त्या गॅरेजमध्ये होते. पिंटो नावाचं ते दोन लिटरचं इंजिन ह्यांनी पूर्ण खोललं. व्हॉल्व्ह घासले, रिंगा आणि बेअरिंगं नवी घातली. टॅपेट बसवायला कोल्हापूरहून स्वतःचं फिलर गेज रुमालात बांधून आणलं होतं. "इनलेट आठ थाउ, एक्झॉस्ट दहा थाउ," असं पुटपुटत ते एकेक पातं सरकवायचे. एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे मला त्या वेळी कळलं. संध्याकाळी, मुलगा कामावरून यायच्या आत, ते सांगाड्यावर पत्रा चढवून रिव्हेट मारत बसायचे. टक्, टक्, टक्. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटायची आणि तो आवाज ऐकायची.

पुढच्या वर्षी गाडी सरकारी तपासणीत पास झाली. २०१२ मध्ये आम्ही परत गेलो तेव्हा हे तिच्यात बसून फिरले. डोक्याला मफलर, डोळ्यांवर चष्मा, शेजारी लेक. तो फोटो आमच्या बैठकीच्या खोलीत आहे, नातेवाइकांनी पाहिलेला आहे.

२०१६ च्या जानेवारीत हे गेले. फार अचानक गेले. मुलाला फोन केला तेव्हा तो निघाला, पण तो विमानतळावर असतानाच सगळं संपलं होतं. त्याबद्दल आम्ही दोघं कधी फारसं बोललो नाही.

त्यानंतर मी तिकडे गेले ती एकदम २०२३ च्या मे महिन्यात, एकटीच. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये डोकावले. गाडीवर कापड घातलेलं होतं. सून म्हणाली, "आई, सात वर्षं झाली. वर्षातून दोनदा कापड काढतो, पाच मिनिटं चालू करतो, परत झाकतो. कुणाला हात लावू देत नाही."

मी काय बोलणार? आमच्या अंगणात ह्यांची स्कूटर तशीच ताडपत्रीखाली उभी होती.

त्या रविवारी माझ्यासाठी म्हणून मुलाने गाडी चालू केली. पत्र्याच्या डब्यात फुटाणे घालून हलवावेत तसा आवाज आला. मागून निळा धूर. त्याने लगेच बंद केली. शेजारी एक इंग्रज आजोबा राहतात, आयुष्यभर रायटनच्या मोटार कारखान्यात काम केलेले. तो कारखाना २००६ साली बंद झाला. आवाज ऐकून ते कुंपणापाशी आले, मग आत आले, मग बाह्या सरसावून वाकले.

दोघांनी वरचं झाकण काढलं. या इंजिनात कॅमशाफ्टवर तेल शिंपडणारी एक बारीक नळी असते. तिची भोकं वाळलेल्या तेलाने बुजली होती. तेल न पोचल्याने कॅमशाफ्टचे उंचवटे झिजून गेले होते. दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशनही उतरलं होतं. आजोबांनी विचारलं, तेल शेवटचं कधी बदललं? मुलगा काही बोलला नाही. पुन्हा विचारल्यावर म्हणाला, "बदललंच नाही. २०१५ नंतर."

दोष इंजिनाचा नव्हता. थंड इंजिन पाच-पाच मिनिटं चालवून बंद केलं की आत ओल धरते, तेलाचा चिखल होतो. सात वर्षं तेच झालं होतं.

रात्री जेवताना मुलाने विषय काढला. हे इंजिन दुरुस्त करायचं तर सिलिंडर बोअर करायचे, पिस्टन नवे, कॅमशाफ्ट नवा, आणि एवढं करूनही कार्ब्युरेटरचं जुनं इंजिन ते जुनंच. त्यापेक्षा एक माझदा एमएक्स-फाइव्ह मिळते आहे, १९९४ ची. मागून धडक बसल्याने गाडी बाद झाली आहे, पण इंजिन आणि गिअरबॉक्स उत्तम. ते दोन्ही काढून आपल्या गाडीत बसवायचं.

मी म्हटलं, "ते इंजिन काढायचं नाही."

"अगं आई..."

"तुझ्या बाबांनी हाताने बसवलंय ते. काढायचं नाही म्हणजे नाही."

वर्गात वापरायची तो आवाज होता माझा. पन्नाशीला आलेला मुलगा ताटावरून उठून गेला. नात माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याजवळ येऊन बसला. हातात फोन होता. त्यावर डीव्हीएलएचं, म्हणजे तिथल्या आरटीओचं म्हणा, एक कोष्टक होतं. मूळ गाडीत फार मोठे फेरफार केले तर ती तीच गाडी धरायची की नाही, हे ठरवायला तेव्हा चक्क गुण देत. सांगाड्याला ५, सस्पेन्शनला २, ॲक्सलला २, ट्रान्समिशनला २, स्टिअरिंगला २ आणि इंजिनाला १. सांगाड्याच्या पाचांसह एकूण ८ गुण झाले की जुना नंबर कायम.

मी तीस वर्षं पेपर तपासले आहेत. म्हटलं, "इंजिनाला फक्त एक?"

"एकच. आपल्याला तर एवढं करायचीही गरज नाही, नव्या इंजिनाचा नंबर कळवला की झालं. पण तू कोष्टक बघ. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही बदललं तरी चौदापैकी अकरा उरतात." मग जरा थांबून म्हणाला, "आणि सांगाड्यावरचे निम्मे रिव्हेट बाबांनीच मारलेत आई. ते कुठे जातायत?"

मी गप्प बसले. तोही गप्प होता. मग एकदम म्हणाला, "तेल बदलायचं तर खालचा बोल्ट सोडावा लागतो. तो बाबांनी आवळलेला होता. मला सोडवेना. बाबांचं आहे म्हणून हात लावला नाही, आणि हात लावला नाही म्हणूनच ते गेलं."

हे वाक्य तो इंजिनाबद्दलच बोलत होता, की आणखी कशाबद्दल, ते मी विचारलं नाही. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पुष्कळ वर्षांनी.

दिवसभर मी विचार करत होते, आणि मला एकेक आठवत गेलं. ह्यांच्या वर्कशॉपमध्ये बस आली की दुरुस्त होऊन तयार असलेलं दुसरं इंजिन तिच्यात चढवायचे आणि बस मार्गावर पाठवायचे. उतरवलेलं इंजिन मग सावकाश दुरुस्त होऊन तिसऱ्याच बसमध्ये जायचं. कोणत्या बसचं इंजिन कोणत्या बसमध्ये फिरतंय, याचं कोणाला सोयरसुतक नसे. शिवाय सुट्टीच्या दिवशी हे उद्यमनगरात एका मित्राच्या गॅरेजवर जायचे. पेट्रोल परवडेना म्हणून लोक जुन्या जीपला डिझेल इंजिन बसवून घ्यायचे, तो काळ. हे स्वतः जीपच्या मूळ इंजिनाला साखळी लावून कप्पीने वर ओढायचे आणि बाजूला ठेवायचे. एकदा एका जीपवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, वडिलांची जीप म्हणून. घरी येऊन ह्यांनी मला सांगितलं होतं, "म्हटलं त्याला, अहो, वडील काय पेट्रोलवर चालत होते का?" आणि मोठ्याने हसले होते.

संध्याकाळी मी मुलाला म्हटलं, "आण तुझी ती माझदा."

ती ट्रकवर चढून आली. इतकी वर्षं इतिहासही शिकवल्यामुळे मला एक सवय आहे, वस्तू कुठून आली ते विचारायची. मुलगा म्हणाला, हिरोशिमाहून. माझदाचं मूळ गाव हिरोशिमा. आता बघा, कॉव्हेंट्री हे गाव १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात जळालं. तिथलं जुनं कॅथीड्रल पडलं. लोकांनी त्याच्या भिंती तशाच ठेवल्या आणि अगदी लागून नवं कॅथीड्रल बांधलं, ते १९६२ साली खुलं झालं. आम्ही २०१० मध्ये पाहिलं होतं. हे त्या उघड्या भिंतींमध्ये बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "बरं केलं, यालाच डागडुजी करत बसले नाहीत." हिरोशिमाचं तर मी काय सांगू, ६ ऑगस्ट १९४५. दोन्ही तारखा मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिल्या असतील. त्या गावचं इंजिन या गावच्या गॅरेजमध्ये येऊन बसेल, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

मग काम सुरू झालं. जुनं इंजिन गिअरबॉक्ससकट क्रेनने वर उचललं आणि कोपऱ्यात ठेवलं. मी बघायला थांबले होते. वाटलं तेवढं वाईट वाटलं नाही.

नवं इंजिन जागेवर धरून बघितलं, तर काहीच कशाला जुळेना. मला वाटत होतं, इंजिन म्हणजे गॅसच्या सिलिंडरसारखं, एक काढायचं दुसरं लावायचं. तसं नसतं. इंजिन सांगाड्यावर ज्या कानांवर टेकतं ते कान वेगळे. आधी पुठ्ठ्याचे कापून बघितले, मग लोखंडाचे करून वेल्डिंगचे नुसते टाके मारले, परत इंजिन उचललं, परत ठेवलं. सात वेळा तरी ते आत-बाहेर झालं असेल. खाली फार उतरलं तर रस्त्याला घासणार, वर राहिलं तर बॉनेट बसणार नाही.

माझदाच्या गिअरबॉक्सची आणखी एक गंमत. मूळ गाडीत त्याचं शेपूट एका लांब ॲल्युमिनियमच्या तुळईने थेट मागच्या डिफरन्शिअलला बांधलेलं असतं, त्याला खालून आधार नसतोच. आमच्या गाडीत डिफरन्शिअल सिएराचा, सांगाड्याला पक्का केलेला. तुळई कुणाला बांधणार? म्हणून गिअरबॉक्सच्या शेपटाखाली नवा आडवा दांडा टाकून त्यावर रबराची बैठक केली. गिअरची दांडी जुन्या भोकातून येईना, म्हणून मधल्या बोगद्याच्या पत्र्याला नवं भोक पाडलं. पत्रा कापताना मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काप. रिव्हेट सांभाळ."

इंजिनाची शक्ती मागच्या चाकांपर्यंत नेणारा शाफ्टही नवा करून आणावा लागला. त्याचं एक टोक माझदाच्या गिअरबॉक्समध्ये सरकणारं आणि दुसरं फोर्डच्या डिफरन्शिअलला बोल्टने बसणारं. मधला भाग लांबी मोजून कापलेला आणि तोल साधलेला. दोन्ही टोकांचा उतारही सारखा लागतो, नाहीतर शाफ्ट थरथरतो. मी नातीला म्हटलं, हे उभयान्वयी अव्यय बरं का. दोन वाक्यं कितीही वेगळी असू देत, हे मध्ये नीट बसलं की एक वाक्य होतं. तिने 'हो आजी' म्हटलं. कळलं नसावं.

मला दोन कामं मिळाली. पहिलं, तारांचं. जुन्या इंजिनाला तारा थोड्याच होत्या. या नव्याला पेट्रोल मोजून फवारणारं इंजेक्शन आणि ते चालवणारा छोटा संगणक, त्यामुळे तारांची ही मोठी जुडी. मुलगा नकाशात बघून सांगायचा आणि मी प्रत्येक तारेला कागदी टेप गुंडाळून त्यावर लिहायची. मी अर्थातच मराठीत लिहिलं. 'पेट्रोल पंप', 'पंखा', 'पाण्याचं तापमान', '२७ – कशाची ते बघणे'. शेजारचे आजोबा मदतीला आले आणि चष्मा वरखाली करत त्या अक्षरांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला गंभीरपणे विचारलं, माझदाची सगळी कागदपत्रं जपानीतच असतात का?

दुसरं काम क्लचचं. सिएराचा क्लच केबलने ओढला जायचा, माझदाचा तेलाच्या दाबावर चालतो. त्यासाठी नवी नळी घातली आणि तिच्यातली हवा काढायची होती. म्हणून मला आत बसवलं. त्या गाडीत बसणं म्हणजे विहिरीत उतरणं. मी त्र्याहत्तर वर्षांची, नऊवारी नसली तरी साडी नेसलेली. दोघांनी धरून खाली सोडलं. मग मुलगा खालून ओरडायचा, "दाब! धर! सोड!" आणि मी पाय हलवायची. शाळेत कवायतीच्या तासाला आम्ही मुलांना असंच करायला लावायचो. चांगला पाऊण तास माझी कवायत झाली.

ऑगस्टच्या एका शनिवारी सगळं जोडून झालं. सून, नात, शेजारचे आजोबा, आजी, सगळे जमले. मी नारळ फोडायला निघाले होते, पण नारळ ॲल्युमिनियमवर फोडायला मुलाने मनाई केली. किल्ली फिरवली. पेट्रोल पंप गुणगुणला. स्टार्टरने एकदा 'टक्' केलं आणि थांबला. परत किल्ली. परत टक्. बॅटरी नवी होती. तारा परत तपासल्या. सत्तावीस नंबरची तर दोनदा. तासभर झाला, आजी घरी गेल्या, मुलाचा चेहरा पडला.

आणि मला ह्यांचं बोलणं आठवलं. वर्कशॉपमधून आले की जेवताना ते दिवसभराच्या हकिकती सांगायचे. नव्या पोरांना काही येत नाही, गाडी चालू झाली नाही की लगेच स्टार्टर खोलतात. "मी त्यांना सांगतो, आधी अर्थ बघा. मग बाकीचं." एसटीतले लोक अर्थिंगला अर्थ म्हणतात. मी मराठीची शिक्षिका, मला ते वाक्य फार आवडायचं. मी ते वर्गातसुद्धा वापरलं आहे. कविता पाठ करणाऱ्या मुलांना म्हणायची, आधी अर्थ बघा, मग चाल.

मी मुलाला म्हटलं, "अरे, अर्थ बघितलास का?"

तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. मग काही न बोलता आडवा झाला. इंजिनाकडून सांगाड्याला जाणारी जाड पट्टी लावलेली होती, पण ज्या जागी लावली तिथे नव्या वेल्डिंगवर नुकताच रंग मारला होता. रंगातून वीज कशी जाणार? त्याने बोल्ट सोडला, रंग खरवडून लोखंड चकचकीत केलं, पट्टी परत आवळली. किल्ली फिरवली.

इंजिन एका दमात चालू झालं. काय सांगू, शिलाई मशीनसारखा आवाज. नातीने टाळ्या वाजवल्या. मुलगा स्टिअरिंगवर हात ठेवून खाली मान घालून बसला होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "बाबा म्हणायचे ना गं हे."

मी म्हटलं, "हो."

आता नणंदबाईंसाठी, जुन्या इंजिनाचं काय झालं ते. ते महिनाभर कोपऱ्यात होतं. मुलाच्या मनात ते स्वच्छ करून तसंच ठेवायचं होतं. मी विचारलं, "कशाला? झाकून ठेवायला?" मग त्याने ओळखीत विचारणा केली. लेस्टरहून एक तरुण आला, पंचविशीतला. त्याच्याकडे आजोबांची फोर्ड कॉर्टिना आहे आणि तिला हेच पिंटो इंजिन लागतं. कॅमशाफ्ट नवा घालून, सिलिंडर बोअर करून तो ते बांधणार होता. पैसे विचारले तर मुलाने नको म्हटलं. मी आत गेले आणि ह्यांचं फिलर गेज आणलं. नव्या माझदाच्या इंजिनाला टॅपेट बसवावेच लागत नाहीत, ते तेलाच्या दाबावर आपोआप जुळतात. तिथे गेजला काम नाही. या मुलाला मात्र लागणार होतं. मुलगा म्हणाला, "आई, ते राहू दे." मी म्हटलं, "ज्याला लागतं त्याच्याकडे जाऊ दे." त्या तरुणाला मुलामार्फत सांगितलं, इनलेट आठ, एक्झॉस्ट दहा. तो म्हणाला, माहीत आहे. मला बरं वाटलं.

पुढच्या वसंतात त्याने मुलाला चित्रफीत पाठवली. निळी कॉर्टिना, बॉनेट उघडं, आणि ह्यांचं इंजिन चालू. मी कान देऊन ऐकलं. टॅपेटचा आवाज नाही.

तेव्हा नणंदबाई, दादाचं इंजिन भंगारात नाही. ते लेस्टरला आहे आणि चालू आहे. त्याची गाडीही चालू आहे. नोंदणीत इंजिनाची क्षमता १९९३ च्या जागी १८३९ झाली, म्हणजे सन नव्हे, घन सेंटिमीटर. नंबर तोच. रिव्हेट तेच. मुलगा दर वर्षी तेल बदलतो.

मी परत आले ती ऑक्टोबरात. आल्यावर आठ दिवस काही केलं नाही. मग एका सकाळी अंगणातल्या स्कूटरवरची ताडपत्री काढली. खाली उंदरांनी घर केलं होतं, टायर चपटे, सीट फाटलेली. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेला मुलगा, माझाच माजी विद्यार्थी, तिला ढकलत घेऊन गेला. चार दिवसांनी त्याने सांगितलं, "बाई, बाकी सगळं केलंय, पण चालू होईना."

मी काय म्हटलं असेन, ते तुम्हाला कळलंच असेल. पण खरं सांगते, या वेळी अर्थ ठीक होता. प्लग खराब होता. आता त्या स्कूटरवर तोच फिरतो. सकाळी माझ्या दारावरून जाताना हॉर्न वाजवतो.